कळंबोलीचा ड्रायव्हर क्लास, विश्रांतीच्या ब्रेकचं गणित एकदाचं कळलं

युरोपात ट्रेलर चालवायला जायचंय म्हणून कळंबोलीतल्या एका क्लासला दोन रविवार बसलो आणि खरं सांगतो, ब्रेकचं गणित पहिल्यांदाच नीट डोक्यात शिरलं. तिकडच्या नियमात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक, तो तोडून घेता येतो पण आधी १५ मग ३० मिनिटं, उलटं केलं तर धरतच नाहीत. ११ तासांची रोजची विश्रांती पण तोडता येते, आधी ३ तास मग ९, म्हणजे तोडली तर मिळून १२ होतात. सरांनी टॅकोग्राफची, म्हणजे गाडी चालवल्याची आणि थांबल्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राची, कागदी पट्टी हातात देऊन विश्रांतीचं, पलंगाचं चिन्ह कुठे उमटतं ते बोट ठेवून दाखवलं. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती होतीच, पण मी वर्षानुवर्षं झोप मारून गाड्या नेल्यात, कोणी सांगितलंच नाही. खोलीत पंखा मात्र एकच आहे, लवकर जाऊन त्याच्याखाली बसा.