कोरिडोरससाठी काळी वाळू: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोरिडोरस, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे, पाळायचे असतील तर वाळूच्या रंगाआधी कणाची कड बघावी. हे मासे तोंडाने वाळू उचलतात, खाण्याचा कण टिपतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतात. दिवसभर तेच चालतं. कण धारदार असला तर नाजूक मिशांना इजा होते. तळाशी घाण साचली तरी मिशा झिजतात, त्यामुळे दोष नेहमी वाळूचाच असतो असंही नाही.

मी नैसर्गिक काळी, बसाल्ट या काळ्या दगडाची, गोलसर कणांची वाळू घेतली. कण साधारण एक मिलिमीटरच्या आतले. दोन फूट बाय एक फूट टँकमध्ये दोन इंच थराला तेराचौदा किलो लागते.

पुण्यात सगळीकडे काळा दगड, मग विकत कशाला, असं बरेच जण विचारतात. बांधकामाची क्रश सँड बसाल्टचीच, पण क्रशरमधून ताजी फुटलेली. मुठीत दाबून बघा, टोचते. शिवाय आपल्या दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडतं, आणि ते पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, वाढवतं. रत्नागिरीकडची समुद्राची काळी वाळू दिसते सुंदर, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. ती नकोच.

टाकण्याआधी कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकलं. कॅल्साइट किंवा शिंपल्यांचा चुरा असता तर बुडबुडे आले असते, ते आले नाहीत. मग थोडी वाळू गरम पाण्यात रात्रभर ठेवली आणि पांढऱ्या फडक्यावर चोळली. रंगवलेली असती तर फडक्यावर डाग पडला असता. रंग दिलेली स्वस्त वाळू मी तरी घेणार नाही, तिच्यावरचा थर किती टिकेल याची खात्री कोण देणार?

धुणं मात्र कंटाळवाणं आहे. बादलीत थोडी थोडी घेऊन, पाणी नितळ दिसेपर्यंत. तरी पहिल्या दिवशी टँक गढूळ होताच.

आता मासे बिनधास्त नाक खुपसून फिरतात. मिशा लांब आणि शाबूत आहेत. स्टर्बाय जातीच्या कोरिडोरसच्या छातीच्या पंखांचा नारिंगी रंग काळ्या तळावर फार खुलतो. फिकट तळावर बरेच मासे स्वतःचा रंगही उतरवतात. तक्रार एकच: विष्ठा आणि उरलेलं खाणं लगेच नजरेत भरतं. पण त्यामुळेच सायफन, म्हणजे नळीने तळाची घाण ओढून काढणं, वेळेवर होतो. नळी वाळूत न खुपसता इंचभर वर धरून फिरवायची, नाहीतर वाळूही बादलीत येते. झाडं लावायची असतील तर मुळांशी खताच्या गोळ्या द्याव्या लागतील, कारण या वाळूत त्यांच्यासाठी पोषण जवळपास नाही.