आधी बाराखडी की आधी अक्षरगट? वाचन शिकवण्याच्या दोन वाटांची तुलना

विदर्भातल्या खेड्यांतील दोनशिक्षकी शाळेत पहिलीची नवी मुले आणि चौथीत येऊनही अडखळत वाचणारी मुले अनेकदा एकाच खोलीत बसतात, आणि त्यांच्यासाठी कोणती पद्धत धरावी हे शेवटी शिक्षकालाच ठरवावे लागते.

जुन्या वाटेने आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी आणि त्यानंतर शब्द येतात. ही वाट पालकांच्या ओळखीची आहे, तिला तक्ता आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही, शिवाय वर्णमालेची उच्चारस्थानांनुसार केलेली मांडणी खरोखरच शास्त्रशुद्ध आहे. परंतु ळ धरून ३४ व्यंजने मोजली तर बारा रूपांप्रमाणे ४०८ अक्षररूपे होतात, आणि अर्थाचा शब्द हाती येण्याआधी ती सगळी पार करायची असतात. ‘मि’वर बोट ठेवताच ‘म मा’पासून म्हणत तिथवर पोहोचणारे मूल वाचत नसते, पाठ केलेले आठवत असते.

अक्षरगटाच्या पद्धतीत म, न, क, र, ल अशी मोजकी अक्षरे आणि त्यांच्यासोबतच काना शिकवतात. त्यामुळे पहिल्याच गटातून मका, रान, काम, नाक हे शब्द मूल स्वतः ध्वनी जोडून वाचते. घ-ध, भ-म, ब-व या सारख्या दिसणाऱ्या जोड्या मुद्दाम वेगवेगळ्या गटांत ठेवता येतात. ‘नाक’ म्हणताना शेवटच्या ‘क’मधला अ गळतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहूनही तिचा उच्चार मात्र नंतर होतो, बाराखडी तोंडपाठ असलेली मुले शब्द वाचताना अशाच ठिकाणी अडतात, आणि त्या जागांचा सराव या पद्धतीत पहिल्या गटांपासून घेता येतो. मोबदल्यात शिक्षकाला शब्दपट्ट्या तयार कराव्या लागतात आणि कोणते मूल कोणत्या गटावर आहे याची नोंद नेमाने ठेवावी लागते; दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळताना हे काम हलके नाही.

तरीही माझा कौल अक्षरगटालाच आहे. बाराखडी सोडू नये. चार-पाच गट झाल्यावर ती क्रम मोडून वाचायला द्यावी. चौथीतल्या मुलाला पुन्हा ‘अ’पासून बसवू नये; ‘लिमु’, ‘कोमे’ असे निरर्थक शब्द वाचायला दिले की तो नेमका कुठे अडतो ते लगेच दिसते, कारण तिथे आठवणीचा आधार उरत नाही.

‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचणाऱ्या वऱ्हाडी घरातल्या मुलाने अक्षर ओळखलेले असते. ती वाचनाची चूक धरू नये. ळ आणि य यांतला फरक लेखनाच्या वेळी वेगळा ऐकवावा. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात, कारण जोडून वाचलेला मराठी शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नसेल तर तो बरोबर आला की चुकला हे त्यांना स्वतःला कळत नाही. तिथे प्रत्येक गटातले शब्द आधी त्यांच्या बोलीच्या सोबतीने बोलण्यात आणावे लागतात आणि मगच पट्टीवर दाखवावे लागतात.