निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत क्राउन-पिनियन बदलून घेतलं
माझा ट्रक पुणे-कोल्हापूर हायवेवर हलका माल नेतो. जुनं क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली, चाकं फिरवणारी गिअरची जोडी) 6/41 दातांचं, म्हणजे रेशो 6.83 (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 6.83 फेरे), त्यामुळे साठच्या स्पीडलाच इंजिन ओरडायचं. मिस्त्रींनी आधी विचारलं, "शेठ, माल किती भरता? घाट किती?" मगच 7/41 सुचवलं, म्हणजे 5.86. आता त्याच स्पीडला इंजिनाचे फेरे एक सप्तमांश कमी, आणि टाकी जास्त पुरते. फार बरं वाटतं! खंबाटकी घाटात मात्र एक गिअर खाली घ्यावा लागतो. जड ट्रेलर ओढणाऱ्यांनी जुनाच रेशो ठेवावा, असं मिस्त्रीच सांगतात.

नव्या रेशोप्रमाणे स्पीडोमीटर जुळवायचा राहिला होता. काटा 60 वर, गाडी खरी 70 ने! फोन करताच मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन फुकट करून दिलं.