वर्डप्रेस लॉगिन: ओटीपी लिहायचा की गूगल जोडायचं?

लातूरचा क्लास असो की परभणीचं बियाण्यांचं दुकान, साइटला लॉगिन हवं म्हटलं की मालक म्हणतो, "ओटीपी टाका, पासवर्ड कुणाच्या ध्यानात राहतो?" म्हणणं खरंच आहे. दुसरा रस्ता म्हणजे "गूगलने लॉगिन करा" हे बटण. पण काहीही निवडलं तरी त्याचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला) जोडायचा कोड, पुढची दोन-चार वर्षं तुम्हालाच सांभाळायचंय.

नुसता कोड बघितला तर ओटीपी सोपा. सहा आकडे, त्यांचा हॅश (उलटं न फिरवता येणारं रूप) पाच मिनिटांच्या ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या नोंदीत), पाच चुका झाल्या की कोड रद्द, जुळला की लॉगिन कुकी (ब्राउझरमधली ओळखखूण). गूगलचा पसारा मोठा: क्लायंट आयडी (गूगलकडची साइटची ओळख), सीक्रेट (तिची गुप्त किल्ली), स्टेटची तपासणी (आलेलं उत्तर आपल्याच विनंतीचं आहे ना). रीडायरेक्ट पत्ता, म्हणजे लॉगिननंतर गूगल जिथे परत पाठवतं तो, गूगलकडे नोंदवलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. शेवटची तिरकी रेघ राहिली तरी एरर. मात्र ही एरर पहिल्याच दिवशी तोंडावर येते आणि एकदाच येते.

ओटीपीचं दुखणं वेगळं, त्याचं नाव डीएलटी, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठी ऑपरेटरांकडे करायची नोंदणी. संस्थेची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव), मग मेसेजचं टेम्प्लेट (ठरलेला मजकूर) मंजूर करून घ्यायचं, इथवर ठीक. पुढे ऐन प्रवेशाच्या दिवसांत मालक क्लासचं नाव बदलतो, कुणीतरी सेटिंगमध्ये मेसेजचा एक शब्द बदलतो आणि मंजूर टेम्प्लेटशी न जुळल्याने एसएमएस ऑपरेटरकडेच गळतो. गेटवे (एसएमएस पाठवणारी सेवा) मात्र "स्वीकारला" म्हणतो, प्लगइनचा लॉग सगळं आलबेल दाखवतो, आणि पोरं कोडची वाट बघत बसतात. डिलिव्हरी रिपोर्ट वाचायची सोय केली नसेल तर बिघाड कळतो तो पालकांच्या फोनवरून. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शिवाय बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि त्याच्याबरोबर तुमच्या साइटवरचं खातंही. बॉट एसएमएसचा बॅलन्स संपवतात म्हणून आयपीवर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) मर्यादा घालावी, तर होस्टेलच्या एका वायफायवरची उदगीर-अहमदपूरची सगळी पोरं एकदमच अडकतात. मर्यादा नंबरवर कडक आणि आयपीवर सैल ठेवलेली बरी.

गूगल निर्दोष आहे असं नाही. एखाद्या ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपमधल्याच छोट्या ब्राउझरमध्ये) लिंक उघडली तर गूगल लॉगिन नाकारतं. "क्रोममध्ये उघडा" ही सूचना आधीच दाखवावी लागते. नेट कॅफेत जीमेलचा पासवर्ड आठवत नाही. साध्या बटणाच्या फोनवाल्या शेतकऱ्यांसाठी तर ओटीपीच घ्या, तिथे वाद नाही. पण वापरणारे अँड्रॉइडवाले विद्यार्थी असतील तर मी गूगलकडे झुकेन. फोनमध्ये खातं आधीच उघडं असतं.

फक्त ओळख ईमेलवर बांधू नका, गूगलचा "सब" क्रमांक (प्रत्येक खात्याचा न बदलणारा) यूझर मेटात, म्हणजे वर्डप्रेसमधल्या वापरकर्त्याच्या जादा माहितीत ठेवा. ईमेल जुळला म्हणून ॲडमिनचं खातं आपोआप जोडायचं नाही.

आणि दोन्हींपैकी काहीही घ्या, पासवर्ड बंद करायचा असेल तर फॉर्म लपवून भागत नाही. एक्सएमएल-आरपीसीचं, म्हणजे बाहेरच्या ॲपनी पासवर्डने साइटशी बोलायचं दार उघडंच राहतं. "ऑथेंटिकेट" फिल्टरला (लॉगिन तपासताना वर्डप्रेस जिथे आपला कोड चालवू देतं ती जागा) २० नंतरच्या प्राधान्याने (मोठा आकडा नंतर चालतो) अडवा; वर्डप्रेसची स्वतःची पासवर्ड तपासणी २० वर चालते.