९४ डब्ल्यूआयपी, फिलाडेल्फिया: ड्राफ्टच्या आठवड्यात हाच रेडिओ लावा

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आणि ईगल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमवर जीव असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. एप्रिलअखेरीस एनएफएलचा, म्हणजे त्या फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट असतो, तेव्हा टीव्हीवरचे सुटाबुटातले तज्ज्ञ बाजूला ठेवा आणि ९४.१ एफएम लावा. ईगल्सच्या मॅचचं समालोचनही याच स्टेशनवर असतं. मेरिल रीझ १९७७ पासून ते करताहेत. पण मी बोलतेय ते फोन करणाऱ्या श्रोत्यांबद्दल. डिफेन्ससाठी, म्हणजे समोरच्यांना अडवायला, कोणाला घेतलं, का घेतलं, यावर इतकं जाणून आणि इतकं मनापासून भांडणारी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाहीत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. हा आयपीएलसारखा लिलाव नाही. कॉलेजमधून येणारे खेळाडू निवडायला इथे बोली लागत नाही, नंबर लागतो. ३२ टीम, सात राऊंड. हंगाम सगळ्यात वाईट गेला त्या टीमचा नंबर पहिला आणि चॅम्पियनचा शेवटचा. नंबरांची अदलाबदल मात्र चालते, आणि आपले जनरल मॅनेजर हावी रोझमन त्यात तरबेज आहेत.

२०२५ चंच घ्या. फेब्रुवारीत आपण चीफ्सविरुद्ध सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, ४०-२२ असा जिंकला. डिफेन्सचे कोच विक फँजिओंनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणूस न सोडता, त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या माहोम्सला, सहा वेळा सॅक केलं, बॉल हातात असतानाच पाडलं. फक्त पुढचे चार जण पुरले! आणि मार्चमध्ये त्याच चौघांतला जॉश स्वेट ॲरिझोनाला गेला, मिल्टन विल्यम्स न्यू इंग्लंडला गेला. त्यामुळे ड्राफ्टच्या आधी जो तो फोन करून एकच सांगत होता: लाईन भरा, म्हणजे पुढच्या चौघांतल्या रिकाम्या जागा भरा. रोझमननी काय केलं? ज्यांना हरवलं त्याच चीफ्सशी सौदा करून ३२ वरून ३१ वर आले आणि अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल घेतला. लाईनबॅकर, म्हणजे त्या लाईनच्या मागे उभा राहणारा!

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ७६ हायवेवर कॉन्शोहॉकन कर्व्हला नेहमीसारखी गाडी अडकली होती आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. डेलकोचा एक जण तावातावाने सांगत होता, खांद्याची शस्त्रक्रिया झालेला पोरगा पहिल्या राऊंडमध्ये कशाला? मैदानाच्या मधोमध खेळणारा लाईनबॅकर इतक्या वर आपण १९७९ च्या जेरी रॉबिन्सननंतर घेतलेलाच नाही, मग आत्ताच का? त्याच्या मागोमाग साऊथ जर्सीचा फोन. कॅम्पबेल तिकडचाच, एरियलचा, त्यामुळे आवाजात अभिमान. मग एक वयस्कर गृहस्थ आले. मागे ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तो आवाज येत होता, बहुतेक कामावरूनच बोलत होते. त्यांनी शांतपणे मांडलं: नकोबी डीनचा गुडघा जानेवारीत गेलाय, तो कधी परतेल सांगता येत नाही. झॅक बॉनला तीन वर्षांचे ५ कोटी १० लाख डॉलर दिलेत, तो मधे राहील. आणि हा पोरगा अलाबामात कडेनेही क्वार्टरबॅकवर जायचा, म्हणजे लाईनबॅकर मिळाला आणि थर्ड डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) स्वेटच्या जागी एक माणूसही मिळाला. टीव्हीवर कॅम्पबेलची उंची, वजन, धावण्याचा वेग सगळं ऐकलं होतं. तो आपल्याकडे नेमका कुठे उभा राहील, हे मला त्या गृहस्थांनी सांगितलं.

या लोकांची स्मरणशक्तीही दांडगी. २०१० मध्ये १३ व्या नंबरवर ब्रँडन ग्रॅहम घेतला आणि लगेच १४ व्या नंबरवर सिॲटलने अर्ल थॉमसला नेलं. थॉमस तिकडे गाजला आणि ग्रॅहमने इथे वर्षानुवर्षं त्याबद्दल ऐकून घेतलं. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यानेच समोरचा क्वार्टरबॅक ब्रेडीच्या हातून बॉल उडवला, आपला पहिला सुपर बोल आला, तेव्हा कुठे तो हिशेब मिटला. २०१४ चा पहिल्या राऊंडमधला फसलेला मार्कस स्मिथ मात्र अजून कोणी माफ केलेला नाही. माझ्या मते बरोबरच आहे.

एक गोष्ट मला आजही पटत नाही. १९९९ मध्ये याच स्टेशनच्या अँजेलो कटाल्डींच्या पुढाकाराने चाहत्यांची टोळी न्यूयॉर्कला गेली आणि ईगल्सनी निवडलेल्या क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅबचं नाव पुकारताच त्याची हुर्यो उडवली. तो पोरगा नुसता स्टेजवर आला होता! निवडीवर हवं तेवढं भांडा, पोराला कशाला?

आणि दुसरी तक्रार फोन करणाऱ्यांबद्दलच. सगळा जोर पहिल्या राऊंडवर जातो. २०२४ मध्ये पहिले १४ च्या १४ नंबर ऑफेन्सवर, म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूंवर, गेले, म्हणून २२ वर क्विन्यन मिचेल आपल्या हाती लागला. त्याच्यावर काथ्याकूट झाला तो योग्यच, कारण पहिल्या राऊंडमध्ये कॉर्नरबॅक (पास अडवणारा) आपण २००२ नंतर घेतलाच नव्हता. पण सुपर बोलमध्ये अडीच सॅक करणारा स्वेट चौथ्या राऊंडचा होता. दोन सॅक करणारा विल्यम्स तिसऱ्या राऊंडचा, आणि २०२१ मध्ये त्याला घेतलं तेव्हा वॉर रूममधल्या, म्हणजे टीम जिथे बसून निवड ठरवते त्या खोलीतल्या, टॉम डोनाहोंचा पडलेला चेहरा साऱ्या देशाने कॅमेऱ्यात पाहिला होता. डिफेन्स असा खालून उभा राहतो, आणि तिथेच चर्चा पातळ होते.

म्हणून माझं सांगणं, पहिल्या राऊंडनंतरच्या शुक्रवारी सकाळी तर ऐकाच, पण शनिवारी चौथा राऊंड सुरू झाल्यावर रेडिओ बंद करू नका. कॅम्पबेलच्या वर्षी १११ व्या नंबरवर नेब्रास्काचा टाय रॉबिन्सन घेतला, म्हणजे सगळे ज्याच्यासाठी ओरडत होते तो लाईनवरचा माणूस. त्याच्यावर फोन करणारे थोडेच होते, पण विल्यम्सची जागा कोण घेणार हा प्रश्न ते सोडत नव्हते.