सेकीची एक दिवसाची ब्लेड टूर: सकाळी तलवार, दुपारी रेझर

जपानला जाणारे बरेच जण तलवारी म्हटलं की टोकियो नाहीतर क्योटोच्या म्युझियममध्ये काचेआड ठेवलेल्या बघून येतात. त्या सुंदर असतातच, पण त्या बनतात कशा आणि तीच कला आज कशावर खर्च होतेय हे बघायचं असेल तर गिफू प्रांतातलं सेकी गाठायला हवं. नागोयाहून बसने साधारण तासाभराचा रस्ता आहे. जर्मनीचं सोलिंगेन, इंग्लंडचं शेफील्ड आणि जपानचं सेकी, पात्यांच्या धंद्यात ही तीन नावं एकत्र घेतात. मी नागोयाहून गाइडसकट जाणारी दिवसभराची टूर घेतली होती, सकाळी पारंपरिक काम आणि जेवणानंतर आधुनिक. स्वस्त नव्हती, पण मी परत करेन आणि ओळखीतल्या सगळ्यांना सांगेन. फक्त ठिणग्यांचे व्हिडिओ काढायला जात असाल तर अर्धी टूर वाया जाईल, कारण इथली खरी मजा ऐरणीच्या पुढे आहे, एक पातं किती वेगवेगळ्या लोकांच्या हातांतून जातं त्यात.

सुरुवात तलवारीच्या म्युझियमपासून झाली, सेकी काजी देन्शोकान. जागा छोटी आहे पण मांडणी फार चांगली. जपानी तलवारीची पाच जुनी घराणी मानतात, त्यातलं मिनो (या भागाचं जुनं नाव) हे इथलं. सेकीत सातशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, भट्टीला चांगली माती, पाइनचा कोळसा आणि नागारा नदीचं पाणी हे तिन्ही जवळ मिळालं म्हणून लोहार इथे वसले असं सांगतात. मुरोमाची काळात (साधारण चौदावं ते सोळावं शतक) तीनशेच्या वर तलवार करणारे इथे होते म्हणे. सेकीच्या तलवारीची ख्याती म्हणजे तुटत नाही, वाकत नाही आणि छान कापते, लढणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे. मागोरोकू कानेमोतो हे इथल्या लोहारांतलं सगळ्यात गाजलेलं नाव, त्याच्या पात्यावर धारेच्या बाजूने टोकदार नक्षी दिसते, ओळीने उभी असलेली सुरूसारखी झाडं वाटतात, आणि ती रंगवलेली नाही की कोरलेली नाही, पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना, पोलादातच उमटते. काचेसमोर नुसतं उभं राहून ती दिसत नाही बरं का, गुडघ्यात वाकून दिव्याचा उजेड पात्यावरून सरकेल असं बघावं लागतं. आमच्या गाइडने हे आधीच सांगितलं, त्यासाठी त्याला वेगळे मार्क.

मग भट्टी. इथे एक गोष्ट आधी तपासून घ्या, घण मारायचं प्रात्यक्षिक म्युझियममध्ये रोज नसतं, ठरावीक दिवशीच असतं, आणि शरद ऋतूत गावात पात्यांची मोठी जत्रा भरते तेव्हा असतं. त्यामुळे बुक करताना "भट्टी पेटलेली असेल का" हा प्रश्न सरळ विचारा. आम्हाला मिळालं.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं, भट्टीवर दोरीला कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या, कारण ती जागा देवाची मानतात. मुख्य उस्ताद बसलेला, एका हाताने भाता ओढतोय, आणि लांब दांड्याचे घण घेऊन त्याचे साथीदार उभे. तो बोलत नाही, छोट्या हातोडीने ऐरणीवर टक टक करतो आणि त्या टकटकीवरून साथीदारांना कळतं कुठे मारायचं, किती जोरात आणि कधी थांबायचं. ऐरणीवर आधी पाणी टाकतात, त्यावर लाल पोलाद ठेवून घण पडला की बंदुकीसारखा आवाज होतो आणि वरची खपली उडून जाते. लहान मुलं असतील तर कान झाकायची तयारी ठेवा. मध्येच तो तुकडा भाताच्या पेंढ्याच्या राखेत घोळवतात, वरून मातीचं पातळ पाणी ओततात, म्हणजे आतलं पोलाद आगीत नुसतंच जळून जात नाही.

हे पोलाद म्हणजे तामाहागाने. शिमाने प्रांतात ओकुइझुमोला लोखंडी वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस तीन रात्री जाळून ते काढतात, ही जुनी पद्धत बंद पडली होती ती १९७७ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि आजही तलवारवाल्यांना माल तिथूनच जातो. ते एकसारखं नसतं, कुठे कार्बन जास्त कुठे कमी, म्हणून ते पसरवायचं, मधोमध खाच पाडून घडी घालायची, परत ठोकायचं. दहा-पंधरा वेळा. पंधरा घड्या म्हणजे हिशेबाने बत्तीस हजारांच्या वर थर, पण घडीच्या पोळीचे पदर सुटतात तसे हे सुटता कामा नयेत, सगळं एकजीव व्हायला हवं. जास्त घड्या म्हणजे जास्त भारी तलवार असा एक समज आहे, तो बरोबर नाही, प्रत्येक तापवण्यात कार्बन कमी होतो त्यामुळे कुठे थांबायचं हीच अक्कल.

पाणी द्यायचा प्रकार मात्र टूरवर बघायला मिळत नाही, आणि त्यात कंपनीची चूक नाही. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ, मग तापवून पाण्यात. धार झटकन गार होऊन कडक होते, पाठ सावकाश गार होऊन चिवट राहते, आणि धारेकडचं पोलाद जास्त फुगतं म्हणून पातं मागे वाकतं. तलवारीचा तो डौलदार बाक ठोकून आणलेला नसतो, बराचसा त्या काही क्षणांत येतो, आणि तिथेच तडा गेला तर महिन्यांची मेहनत गेली. तापलेल्या पात्याचा रंग डोळ्याने ओळखायचा असतो म्हणून हे अंधारात करतात, तिथे वीस पर्यटक मोबाइल घेऊन उभे कसे राहणार. गाइडने फोटोंवरून नीट समजावलं, तेवढं पुरे होतं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग, ज्याच्याकडे आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनी पाठ फिरवली. भट्टी थंड झाल्यावर बाजूलाच बाकीचे कारागीर बसलेले असतात. शिकलगार, म्हणजे पातं घासून उजळणारा, एकामागून एक बारीक दगड वापरत जातो आणि शेवटी नखाएवढी दगडाची पातळ चकती अंगठ्याखाली धरून इंच इंच घासतो. एका तलवारीला आठवडे जातात. लोहाराने जे आत घडवलं ते डोळ्यांना दिसतं ते या माणसामुळे. त्याच्या शेजारी म्यान करणारा, तो लाकडाचे दोन भाग कोरून ते भाताच्या खळीने चिकटवतो, मुद्दाम भाताच्या, म्हणजे पुढे कधी आतून साफ करायचं झालं तर म्यान न मोडता उघडता येतं. मग मुठीवर समुद्री माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर दोरी गुंडाळणारा, आणि पातं म्यानात घट्ट बसावं म्हणून धातूची छोटी पट्टी करणारा, असे सगळे वेगळे. प्रत्येकाचं आयुष्य त्या एकाच कामात गेलेलं. यांना प्रश्न विचारा, फार आनंदाने सांगतात. आम्हाला इथे जेमतेम वीस मिनिटं दिली आणि ती मला फारच कमी वाटली, हा भाग दुप्पट हवा.

बाय द वे, आजही तलवार करायला परवाना लागतो, परवानाधारक उस्तादाकडे किमान पाच वर्षं शिकायचं, मग सरकारच्या सांस्कृतिक विभागाचं प्रशिक्षण, आणि त्यानंतरही एका माणसाने महिन्याला दोनच लांब तलवारी करायच्या. किमती एवढ्या का असतात ते इथे समजतं.

दुपारचं जेवण टूरमध्ये होतं. सेकीत उनागी म्हणजे ईल मासा प्रसिद्ध आहे, भातावर कोळशावर भाजलेला, वरून कुरकुरीत, अप्रतिम होता. शाकाहारी असाल तर आधी कळवाच, आयत्या वेळी भात आणि लोणच्यावर भागवावं लागेल.

दुपारनंतर आधुनिक भाग. १८७६ मध्ये मेइजी सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी घातली आणि गिऱ्हाईकच संपलं, तेव्हा इथले लोक स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या, खिशातले चाकू यांच्याकडे वळले. काई कंपनी १९०८ ची, इथलीच, त्यांच्या सुऱ्यांवर सेकी मागोरोकू हे नाव तुम्ही पाहिलं असेल. फेदर ही रेझर कंपनी १९३२ ची, तिचं रेझरचं म्युझियम इथे आहे आणि प्रवेश फुकट. मला वाटलं होतं रेझरमध्ये काय बघायचं, पण जुने घडीचे वस्तरे, ब्लेड कसं घासतात, धारेवर फ्लोरिन असलेल्या रेझिनचा पातळ थर का देतात, हे सगळं बघताना वेळ कसा गेला समजलं नाही. हीच कंपनी ऑपरेशनची ब्लेड्सही करते. सकाळी बघितलेली कडक धारेची काळजी इथे कागदाएवढ्या जाड पट्टीवर चाललेली असते, फक्त डोळ्यांऐवजी मशीन रंग आणि तापमान बघतं.

त्यानंतर सुऱ्यांचा एक छोटा कारखाना. इथे परत तेच, एक कारखाना सगळं करत नाही. पातं कापणारा वेगळा, व्हॅक्यूम भट्टीत कडक करणारा वेगळा, ओल्या चाकावर घासून उतार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि गावभर छोट्या शेडमधून माल फिरत असतो. चाकावर बसलेल्या काकांच्या हाताला कुठलंच मोजमाप नव्हतं, पातं उजेडात धरून एक नजर टाकायचे आणि परत चाकावर. सकाळच्या शिकलगाराला बघून आल्यामुळे ही नजर ओळखीची वाटली, आणि त्यासाठीच दोन्ही एकाच दिवसात बघायला हवं. दुर्दैवाने इथेच आमच्या टूरने घाई केली, कारखान्याला अर्धा तास आणि दुकानाला तासापेक्षा जास्त, हे प्रमाण उलटं पाहिजे. मी फीडबॅकमध्ये स्पष्ट लिहिलंय.

शेवटी स्वतः धार लावायला देतात, १००० नंबरचा दगड, मग जास्त बारीक. पातं एकाच कोनात धरून पुढेमागे, आणि दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कड लागली की पालटायचं. दहा मिनिटांचं काम पण घरी आयुष्यभर उपयोगी.

खरेदीचं म्हणाल तर दहा-पंधरा हजार येनमध्ये व्हीजी-१० या स्टेनलेस पोलादाची चांगली सान्तोकू (सगळ्या कामांची) सुरी मिळते, रोजच्या भाजीला एकदम योग्य, सहजासहजी गंजत नाही. लाटांसारखी नक्षी असलेली घ्यायलाच पाहिजे असं नाही, ती बाहेरच्या थरांची, दिसायला छान, पण कापायचं काम मधलं पोलाद करतं. साध्या कार्बन पोलादाची घेतली तर वापरल्या वापरल्या पुसून ठेवायची शिस्त हवी. हाडं, गोठलेलं मांस, नारळ यांवर असल्या पातळ सुऱ्या मारू नका, धारेचे टवके उडतात. खरी तलवार घ्यायचा विचार असेल तर ती देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, विक्रेता कागदपत्रं करून देतो पण वेळ जातो, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशी ही टूर ठेवू नका. आणि सुरी घेतली की दुकानात पक्कं पॅकिंग करून मागा, जपानमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा ट्रेनमध्ये कोणाला दाखवायला बॉक्स उघडू नका आणि विमानात ते चेक-इन बॅगेतच टाका.