पोटदुखीसाठी गेलो, झोपेची वही घेऊन आलो

सोलापुरात सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर शाळेतल्या मुलांसाठी समुपदेशन चालतं. चार महिने झाले, भाच्याला घेऊन मी तिथं जातेय. पाचपैकी चार स्टार देते. एक का कापला ते पुढं लिहिते.

भाचा पंधरा वर्षांचा, दहावीत. दीड वर्षापासून माझ्याकडंच असतो. आधीच्या घरात दारू होती, मारहाण होती. त्याला विचारूनच लिहितेय, यापेक्षा जास्त नको म्हणाला. सकाळ झाली की सुरू, "आत्या, पोट दुखायलंय." कधी पाठ, कधी डोकं. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, चष्म्याचा नंबर बघितला. सगळं नॉर्मल. एका दवाखान्यात तर डॉक्टर त्याच्यासमोरच बोलले, "काही नाही ओ ताई, शाळा बुडवायची नाटकं आहेत." रिक्षानं घरी येईपर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही.

इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त झोपेबद्दल विचारलं. पडतो कधी, झोप लागते कधी, मधे किती वेळा उठतो. मी मनात म्हटलं, पाचशे रुपये घेऊन हे विचारायलात होय? मग म्हणाल्या, एक वही करा. रोज सकाळी त्यानंच लिहायचं: रात्रीच्या वेळा, आणि आज किती दुखतंय, दहापैकी आकडा. मी युनिफॉर्म शिवते, आमच्या कारखान्यात मापांची वही असते, तशीच एक दिली त्याला.

दोन आठवड्यांनी मॅडमनी ती टेबलावर उघडी ठेवली. चार-पाच तास झोप झालेल्या रात्रीनंतर दुखण्याचा आकडा सात, आठ. बरी झोप झाली की तीन-चार. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, झोप तुटली की दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखलं की परत झोप येत नाही, असं त्यांनी सांगितलं. पण मला खटकलं ते दुसरंच. जवळजवळ रोज साडेबारा, पाऊणला 'जाग' लिहिलेलं. आमचे हे यंत्रमागावरची पाळी संपवून तेव्हाच घरी येतात. लोखंडी दार, कडी खणकन वाजते.

मला नाही, मॅडमना त्यानं सांगितलं: तिकडं कडी वाजली की आज काय होणार ते ऐकत पडायचो. अजूनही तसाच पडतो. मी रोज त्याच दारातून जाते-येते, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मॅडमनी 1998 सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं. सॅन दिएगोत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजार मोठ्या माणसांना लहानपणी घरात काय सोसलं ते विचारलं. त्रासाचे प्रकार जितके जास्त, तितकी पुढं आजारपणं, नैराश्य जास्त. मी घाबरलेच. त्या लगेच म्हणाल्या, तो हजारो माणसांचा हिशेब आहे, तुमच्या भाच्याची पत्रिका नाही. हे बरं केलं.

आता हे आले की दाराबाहेरूनच हळू म्हणतात, "मी आहे रे, मामा." मग कडी. खर्च शून्य. उठायची वेळ रविवारीही तीच, दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा नाही. झोप लागत नसेल तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून बसायचं. यात माझीही एक चूक निघाली. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री, आणि मी घागरी उचलायला त्यालाच उठवायची. आता मीच भरते, कंबर माझी दुखते.

पोटदुखी गेली असं नाही. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात वहीत परत आठ लागला. पण या महिन्यात शाळा दोनदाच बुडली, आधी आठवड्याला दोनदा बुडायची.

आता तक्रार. खोल्यांमधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन आहे. बाहेर बाकावर बसलं की आतलं अर्धं ऐकू येतं. मुलं काय सांगायला येतात आणि हे काय! सांगितलं तर "बघतो" म्हणाले, महिना झाला, बघायलेतच. फोनही कुणी उचलत नाही. मात्र मॅडमनी पहिल्याच दिवशी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर भाच्याच्या वहीवर लिहून दिला. सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालतो.

शनिवारी जाऊ नका, दीड तास बसवतात. बुधवारी साडेचारला गेलं तर पहिला नंबर मिळतो, आणि तेव्हा बाहेर बाकावरही कुणी नसतं.